अँब्युलन्समध्ये मागे कोण बसतं?

शिरपूरहून आग्रा रोडनं वर निघालं की पळासनेरनंतर मध्य प्रदेश लागतो. सीमेपलीकडे सेंधव्याच्या बाजूला अपघात झाला आणि कुणी १०८ फिरवला, तर येणाऱ्या गाडीत मागे ईएमटी असतो. ईएमटी म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, आणीबाणीतल्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलेला, पण डॉक्टर नसलेला माणूस. तोच अपघात अलीकडे, धुळे जिल्ह्यात झाला तर मागे डॉक्टर असतो, बहुतेक वेळा बीएएमएस नाहीतर बीएचएमएस. नवापूर ओलांडून गुजरातेत गेलं की पुन्हा ईएमटी. नंबर तिन्हीकडे तोच. जखमी माणसाला हा फरक कळतही नाही. पण बारावी होऊन ‘पॅरामेडिक’ व्हायला निघालेल्या जळगाव-धुळ्याच्या पोरापोरींचं सगळं गणित या फरकावर उभं आहे. प्रवेशाच्या हंगामात चौकाचौकांत लागणाऱ्या पोस्टरांवर मात्र तो कुठंच नसतो. पोस्टरवर असतो स्टेथोस्कोप, मागे निळा दिवा आणि खाली ‘शंभर टक्के नोकरी’.

“कोर्स झाला की १०८वर नोकरी पक्की.”

महाराष्ट्रात आजच्या घडीला नाही. राज्याची १०८ सेवा २६ जानेवारी २०१४ला सुरू झाली. गाड्या ९३७ होत्या. त्यातल्या २३३ व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या ‘अ‍ॅडव्हान्स’ आणि ७०४ ‘बेसिक’. बेसिक गाडीतसुद्धा डॉक्टर बसवायचा, हे तेव्हाच ठरलं. पुढे चालवणाऱ्याला ‘पायलट’ म्हणतात. म्हणजे गाडीत माणसं दोन, एक डॉक्टर आणि एक पायलट. तिसऱ्यासाठी, म्हणजे सर्टिफिकेटवाल्या ईएमटीसाठी, जागा ठेवलेलीच नाही.

ऐकायला ही सोय चांगली वाटते. डॉक्टर आहे म्हटल्यावर नातेवाइकांनाही धीर येतो. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या महाविद्यालयांची आपल्या राज्यात कमतरता नाही, त्यामुळे माणसंही मिळाली. पण डॉक्टर आहे म्हणजे आणीबाणीचं शिक्षण झालंच आहे, हा या समजाच्या आत दडलेला आणखी एक समज. चालत्या गाडीत, अंधारात, तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा श्वास सुरू ठेवणं ही कोणत्याही पदवीसोबत आपोआप येणारी गोष्ट नाही. पुण्याच्या सिम्बायोसिसमध्ये डॉक्टरांसाठीच आपत्कालीन सेवेचा वेगळा पदव्युत्तर डिप्लोमा चालतो, तो उगाच नाही.

उलट बाजूचा पुरावा जुना आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात १९६०च्या दशकापर्यंत अत्यवस्थ रोग्याला पोलिसांच्या व्हॅनमध्ये टाकून नेत. बऱ्याचदा मागे त्याच्याजवळ कुणीच नसे. १९६७ साली तिथल्या ‘हिल डिस्ट्रिक्ट’ या गरीब कृष्णवर्णीय वस्तीतल्या बेरोजगार तरुणांना निवडून प्रशिक्षण द्यायचं ठरलं. अभ्यासक्रम आखला पीटर साफर यांनी. सीपीआरच्या पद्धतीचे जे जनक मानले जातात, तेच हे भूलतज्ज्ञ. कित्येकांचं शाळेचं शिक्षणही अर्धवट होतं. ‘फ्रीडम हाऊस’ नावाच्या त्या अँब्युलन्स सेवेतून घडलेली ही माणसं पुढे देशाला नमुना ठरली. १९७५ साली शहरानं सेवा ताब्यात घेतली आणि यातल्या बहुतेकांना बाजूला सारलं, तो भाग वेगळा. पण डॉक्टर नसलेला माणूस नीट शिकवला तर रस्त्यावर जीव वाचवू शकतो, हा वाद तिथंच निकालात निघाला.

मग आपल्याकडे शिकून करायचं काय? कामं आहेत, पण ती १०८च्या बाहेर. खासगी कार्डियाक अँब्युलन्स, मोठ्या रुग्णालयांची कॅज्युअल्टी, टोलनाक्यांवर उभ्या असणाऱ्या महामार्गाच्या गाड्या (त्यांचा नंबर १०३३, फार थोड्यांना ठाऊक आहे), आणि कारखाने. पाचशेहून जास्त कामगार असतील तिथं अँब्युलन्स रूम आणि प्रशिक्षित माणूस ठेवणं १९४८च्या कारखाने कायद्यापासून बंधनकारक आहे. भुसावळ-वरणगाव पट्ट्यात मोठे कारखाने आहेत, जळगावची एमआयडीसी आहे. अर्ज करताना पोरं तिकडे बघतसुद्धा नाहीत, कारण डोक्यात फक्त निळा दिवा असतो. गुजरात आणि मध्य प्रदेशातल्या १०८मध्ये ईएमटीची जागा आहे. आपल्याकडचा मुलगा सीमेपलीकडे नोकरीला जातो, त्यात गैर काही नाही. फक्त ते फी भरण्याआधी कळावं.

“पॅरामेडिकल केलं म्हणजे पॅरामेडिक झालो.”

रक्त तपासणारा, एक्स-रे काढणारा, ऑपरेशन थिएटरमध्ये मदत करणारा, प्लास्टर घालणारा, हे सगळे पॅरामेडिकलच. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी ही तीन वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिपची पदवी घेतली, तरी कुठल्या शाखेत घेतली यावर सगळं अवलंबून. प्रयोगशाळेची डीएमएलटी पदविका झालेल्या मुलाला अपघाताच्या जागी उभं करणं त्याच्यावरही अन्याय आणि जखमीवरही. जाहिरातीत मात्र सगळं एकाच ओळीत येतं, आणि घरचे ‘आमचा पोरगा मेडिकल करतोय’ म्हणत सुटतात.

“सहा महिन्यांत पॅरामेडिक.”

२०२१ साली संसदेनं आरोग्य क्षेत्रातल्या या सगळ्या पेशांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजेच पॅरामेडिक, हा पेशा नावानिशी आहे. या कायद्याप्रमाणे सहयोगी आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला दोन ते चार वर्षांत मिळून किमान २,००० तासांचं शिक्षण लागतं. त्याच्या वरच्या, ‘हेल्थकेअर प्रोफेशनल’ दर्जाला किमान ३,६०० तास. आता सहा महिन्यांच्या वर्गाचं गणित करा. रोज चार तास, आठवड्याला सहा दिवस, एकही सुट्टी न धरता सव्वीस आठवडे. सहाशे चोवीस तास होतात.

अमेरिकेत हे शिक्षण बहुतांशी कम्युनिटी कॉलेजात होतं. घराजवळचं, कमी फीचं, नोकरी सांभाळून करता येईल असं कॉलेज. तिथं पहिली पायरी ईएमटीची, दीडशे-दोनशे तासांची. त्यावरून रस्त्यावरचा अनुभव घेऊन मग पॅरामेडिकचे आणखी १,२०० ते १,८०० तास. म्हणजे छोटा कोर्स तिथंही आहे, पण त्याला कुणी पॅरामेडिक म्हणत नाही. आपल्याकडे कम्युनिटी कॉलेजची कल्पना १९९५मध्ये पुद्दुचेरीत आली, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगानं योजना केली. खानदेशात तिचं जवळचं रूप म्हणजे कौशल्य अभ्यासक्रम: कुठं कॉलेजला जोडलेले, कुठं कौशल्य मंडळाच्या परीक्षेचे, कुठं नुसतेच एखाद्या ‘इन्स्टिट्यूट’चे, दुकानाच्या वरच्या मजल्यावर चालणारे.

छोटा कोर्स वाईट, असं माझं मुळीच म्हणणं नाही. सहाशे तास नीट शिकवले तर माणूस पुष्कळ शिकतो. २०२१च्या जूनमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, केंद्रानं आरोग्यसेवकांसाठी अगदी छोटे क्रॅश कोर्स काढले, त्यात ‘इमर्जन्सी केअर सपोर्ट’ हाही होता. मदतनीस म्हणून तेवढं पुरेसं होतं. प्रश्न सर्टिफिकेटवर काय छापलंय आणि त्यातून काय विकलं जातंय हा आहे. प्रवेश घेताना एकच गोष्ट कसून विचारावी: कॅज्युअल्टीत किती रात्री उभं करणार आणि कुठल्या रुग्णालयात? जळगावच्या किंवा धुळ्याच्या सिव्हिलसारख्या गर्दीच्या ठिकाणी रात्रपाळीत पंधरवडा काढलेला मुलगा वर्गात वर्षभर स्लाइड बघितलेल्या मुलापेक्षा कामाचा असतो. ‘टाय-अप आहे’ असं उत्तर आलं तर पत्र दाखवा म्हणावं. अशानं संस्थाचालक रागावतो. रागावू द्यावं.

“काम काय? गाडी पळवायची आणि पोचवायचं.”

सगळ्यात पक्का बसलेला समज हा. घ्या, उचला, टाका, पळवा. शिकायला आलेली मुलंही पहिल्या दिवशी याच घाईत असतात.

मे महिन्यातलं भुसावळ घ्या. पारा पंचेचाळीसच्या वर. शेतात किंवा प्लॅटफॉर्मवर माणूस कोसळतो, अंग तापलेलं, असंबद्ध बडबड. उष्माघात. इथं नियम उलटा आहे: आधी थंड करा, मग हलवा. कपडे काढा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, बर्फ मिळाला तर काखेत आणि जांघेत ठेवा. मेंदूला धोका तापमानाचा असतो. न थंड करता अर्धा तास पळवत नेलेला रोगी तो अर्धा तास भाजत असतो.

दुसरं, सर्पदंश. चोपडा-यावलच्या सातपुडा पट्ट्यात पावसाळ्यात मण्यार रात्री अंथरुणात चावतो. दुखत नाही, सूजही फारशी नाही. घरचे म्हणतात, काही नाही, मुंगी असेल. नाहीतर वर दोरी आवळून बांधतात, ब्लेडनं चिरा देतात, तिखट लागतंय का हे बघायला मिरची चारतात. प्रशिक्षणात यातलं सगळं आधी पुसावं लागतं, कारण ते गावातूनच आलेल्या विद्यार्थ्याच्याही डोक्यात असतं. मग शिकवतात पापण्यांकडे बघायला. पापण्या जड झाल्या, डोळे उघडायला सांगितले तर कपाळाला आठ्या पडतात पण पापणी उठत नाही, की समजायचं विष नसांवर चढलं. पुढचा क्रम ठरलेला: आवाज घोगरा, लाळ गिळता येईना, आणि मग श्वासाचे स्नायू थांबतात. हृदय चालू असतं. रोगी मरतो तो श्वास थांबल्यानं.

इथं लागते अँब्यू बॅग. रबराचा फुगा, पुढे मास्क. अंगठा आणि तर्जनीनं मास्क चेहऱ्यावर दाबायचा, उरलेल्या तीन बोटांनी जबडा वर उचलून धरायचा, दुसऱ्या हातानं फुगा दाबायचा. पाच-सहा सेकंदांनी एकदा, छाती जेमतेम उठेल इतकाच. पुतळ्यावर शिकताना प्रत्येक जण पहिल्यांदा धडाधड दाबतो. शिक्षक घड्याळ दाखवतो, विद्यार्थी मान डोलावतो आणि पुन्हा तेच करतो. जोरात दाबलं की हवा पोटात जाते, पोट फुगतं, उलटी होते, ती फुप्फुसात जाते. म्हणून हळू. प्रतिविष मिळेपर्यंत आणि त्यानंतरही कुणी लागेल तितका वेळ हे न कंटाळता करत राहिलं, तर मण्यार चावलेला माणूस वाचू शकतो. औषध नाही, यंत्र नाही, दोन हात आणि घड्याळ. एकट्याच ड्रायव्हरला हे करता येत नाही, त्याचे हात स्टिअरिंगवर असतात.

तिसरं, ऑक्सिजन. धुळ्याहून ‘नाशिकला हलवा’ असं सांगितलं जातं, जळगावहून ‘संभाजीनगरला न्या’. खानदेशातल्या कुठल्याही कुटुंबाला हे शब्द नवीन नाहीत. धुळे-नाशिक सुमारे दीडशे-एकशेसाठ किलोमीटर, रोगी घेऊन तीन तास धरा. छोट्या बी-टाइप सिलेंडरमध्ये, तो काठोकाठ भरलेला असला तर, साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. रोग्याला मिनिटाला १५ लिटर लागतोय. म्हणजे शंभर मिनिटं. मालेगाव मागे पडतं आणि चांदवडच्या आसपास काटा शून्यावर येतो. हा भागाकार निघण्याआधी करायचा, लागेल त्याच्या दीडपट सोबत घ्यायचा, सिलेंडरचा काटा स्वतः बघायचा, ‘भरलाय हो’ यावर विश्वास ठेवायचा नाही. पॅरामेडिकच्या शिक्षणातला मोठा भाग असा रुक्ष आहे. गाडी कितीही पळवली तरी त्याला पर्याय नाही.

अशा लांबच्या रेफर फेऱ्यांत मागे सहसा नातेवाईकच असतो, नाहीतर एखादा वॉर्डबॉय. शिकलेल्या माणसाची खरी निकड मला तरी इथं दिसते, आणि ही जागा भरा असं कुणी कुणाला सांगत नाही.

“जो जास्त ओरडतो त्याला आधी उचला.”

२२ जानेवारी २०२५ला पाचोरा तालुक्यात परधाडेजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. साखळी ओढली गेली, माणसं शेजारच्या रुळांवर उतरली आणि समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. बारापेक्षा जास्त जीव गेले. अशा ठिकाणी पहिल्या गाडीतून उतरणाऱ्यानं काय करायचं, हे शिकवावंच लागतं, कारण ते मनाविरुद्ध आहे. ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे, त्याला शुद्ध आहे. ‘चालता येणाऱ्यांनी त्या झाडापाशी जा’ असं मोठ्यानं सांगायचं. जे जातात ते हिरवे. मग जे गप्प पडलेत त्यांच्याकडे वळायचं. श्वास आहे का, वेग किती, नाडी लागते का, सांगितलेलं कळतं का. एकाला अर्ध्या मिनिटाहून जास्त नाही. निकडीप्रमाणे लाल पट्टी, पिवळी पट्टी, पुढचा. ज्याचा श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास येत नाही, त्याला काळी पट्टी लावून पुढे जायचं. हे लिहायला सोपं आहे. एका माणसावर अडकून न राहता पुढे जाणं हा या शिक्षणातला सगळ्यात अवघड धडा, आणि तो फक्त सरावानं येतो. सुट्टीच्या दिवशी मैदानावर शंभर विद्यार्थ्यांना खोट्या जखमा रंगवून झोपवणारी संस्था भेटली तर ती चांगली समजावी.

“मुलींचं काम नाही हे.”

का नाही? रात्रपाळी, स्ट्रेचर उचलणं, रस्त्यावरची गर्दी, ही कारणं घरून सांगितली जातात. रात्रपाळी नर्सही करते, तिला कुणी अडवत नाही. स्ट्रेचर ताकदीपेक्षा पद्धतीनं उचललं जातं, गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून, दोघांनी एका आवाजावर. आणि १०८ असो की आरोग्य केंद्राची १०२, फेऱ्यांमध्ये बाळंतपणाचा वाटा मोठा असतो. सातपुड्यातल्या पाड्यावरून निघालेली पावरा आदिवासी बाई वाटेतच मोकळी व्हायला लागली, की मागे बसलेली व्यक्ती बाई असणं हा तिच्यासाठी केवढा आधार असतो, हे अँब्युलन्सवर काम केलेला कुणीही सांगेल. बाळ बाहेर आल्यावर पुसून कोरडं करणं, आईच्या पोटावर ठेवून झाकणं, नाळ घाईनं न कापणं, आणि आईचा रक्तस्राव डोळ्यांत तेल घालून बघणं, हे सगळं ईएमटीच्या अभ्यासात आहे. वर ज्या फ्रीडम हाऊसचा उल्लेख आला, तिथल्या पथकाला शेवटच्या काळात घडवणारी आणि पुढे पॅरामेडिकचं पाठ्यपुस्तक लिहिणारी व्यक्तीही बाईच, डॉ. नॅन्सी कॅरोलिन.

“डिप्लोमा भिंतीवर लावून गावात बसता येतं.”

येत नाही. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ प्रमाणे नोंदणी नसताना डॉक्टरकी करणं गुन्हा आहे. पॅरामेडिक डॉक्टरनं आखून दिलेल्या चौकटीत काम करतो. सलाइन लावता येतं म्हणून दवाखाना टाकणारे बोगस डॉक्टर अधूनमधून पकडले जातात, त्यांच्या बातम्यांत अशा सर्टिफिकेटाचा उल्लेख असतो तेव्हा या पेशाचंच नाव खराब होतं. ‘इंजेक्शन तर देता येईल ना, भो?’ हा प्रवेशावेळचा पहिला प्रश्न असेल, तर त्या मुलानं दुसरं काही तरी शिकावं.

“अपघाताला हात लावला की कोर्टाच्या चकरा.”

मदत करणाऱ्या वाटसरूला आता संरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१६मध्ये त्यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं, आणि २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. नाव सांगण्याची सक्ती नाही, थांबवून ठेवता येत नाही. पण हे स्वखुशीनं मदत करणाऱ्यासाठी. पगारी माणसाला कधी साक्षीला जावं लागू शकतं, आणि तिथं त्याला वाचवते ती त्यानं लिहिलेली नोंद: किती वाजता पोचलो, रोगी कसा होता, काय केलं, कुणाच्या ताब्यात दिला. म्हणून अक्षर सुधारा, असं विद्यार्थ्यांना सांगतात ते खरंच आहे.

“मग दुबई.”

दुबईला मान्य शिक्षण, अनुभव आणि तिथला परवाना लागतो, कागदांची पडताळणी होते. ब्रिटनमध्ये पॅरामेडिक हे नाव नोंदणीशिवाय लावताच येत नाही, आणि २०२१पासून नव्या माणसाला पदवी हवी. ऑस्ट्रेलियातही २०१८च्या डिसेंबरपासून नोंदणी सक्तीची आहे. सहा महिन्यांच्या कागदावर व्हिसाचं स्वप्न दाखवणारा माणूस एजंट असतो, शिक्षक नसतो.

“शिकायचं ते बारावीच्या पोरांनी.”

हा शेवटचा समज संस्थांचाही आहे आणि सरकारचाही. आज जळगाव-धुळ्यात अडल्या रोग्याजवळ सगळ्यात आधी पोचतो तो अँब्युलन्सचा ड्रायव्हर. आरोग्य केंद्राच्या १०२वर तो बहुधा एकटाच असतो, खासगी गाडीवरही. रुग्णालयाबाहेर रांगेत उभे असलेले हे लोक कुठल्या गावाचा रस्ता कुठं तुटलाय हे जाणतात, कुठल्या दवाखान्यात रात्री कुणी दार उघडतं हेही जाणतात. रक्त बघून त्यांना चक्कर येत नाही. त्यांना मान न हलवता जखमी उचलणं, जखम दाबून धरणं, छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब देणं आणि ऑक्सिजनचा तो भागाकार, एवढं शिकवायला महिना पुरेल. धुळ्याला हिरे वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला शासकीय महाविद्यालय आहे, दोन्हीकडे शिकवणारे आहेत आणि ड्रायव्हर तर फाटकाबाहेरच उभे आहेत. अडचण असलीच तर दिवसभराच्या बुडणाऱ्या भाड्याची. ते जिल्हा नियोजनाच्या निधीतून द्यायला हरकत नसावी.